सोयाबीनचा किमयागार

मुलांनो, मृगाचा पाऊस पडला की आपल्या हिंगोली जिल्ह्यात पेरणीची घाई सुरू होते. सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत, कोणत्याही तालुक्यात जा. काळ्याभोर रानात सोयाबीनचा पेरा दिसतोच. दसऱ्याच्या आगेमागे शेंगा वाळतात. काढणी होते, मळणीयंत्रे घरघरू लागतात आणि पोती मोंढ्यात येऊन पडतात. पुढे कारखान्यात या दाण्यांचे तेल निघते. उरलेली पेंड कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यासाठी जाते. हे सारे तुम्ही पाहिलेले आहे.

पण सोयाबीनच्या तेलात आणखी एक पदार्थ असतो. तो इतका थोडा असतो, की तेल विकणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो. त्या पदार्थापासून एका शास्त्रज्ञाने माणसाच्या शरीरातली संप्रेरके कारखान्यात तयार केली आणि महागडी औषधे स्वस्त होण्याची वाट मोकळी केली. त्या शास्त्रज्ञाचे नाव पर्सी लॅव्हन ज्यूलियन.

पर्सीचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात झाला. वडील रेल्वेच्या टपालखात्यात कारकून होते. आई शिक्षिका होती. सहा भावंडांत पर्सी थोरला. हे कुटुंब कृष्णवर्णीय होते. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली. परंतु दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांनी काळ्यांना दूर ठेवण्यासाठी नवे नियम केले. शाळा वेगळ्या, रेल्वेचे डबे वेगळे, पाणी पिण्याचे नळसुद्धा वेगळे.

गुलामगिरीच्या काळात तर गुलामाने लिहावाचायला शिकणे हाच अनेक राज्यांत गुन्हा होता. पर्सीचे आजोबा गुलाम होते. ते लिहायला शिकले, म्हणून शिक्षेदाखल त्यांच्या हाताची दोन बोटे तोडण्यात आली होती, असे ज्यूलियन पुढे सांगत असत. पर्सी शिकण्यासाठी दूर गावी निघाला, तेव्हा हेच आजोबा स्टेशनवर आले होते. गाडी हलली आणि आजोबांनी निरोपासाठी तोच हात उंचावला. नातवाने तो हात जन्मभर ध्यानात ठेवला.

माँटगोमेरीत काळ्या मुलांना आठवीच्या पुढे साध्या सरकारी शाळेत शिकायची सोय नव्हती. पर्सी शिक्षक घडवणाऱ्या एका विद्यालयात जेवढे मिळेल तेवढे शिकला. १९१६ साली इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल गावी डीपॉ विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला. तेथे गेल्यावर त्याला कळले, की आपण इतर मुलांच्या मानाने फार मागे आहोत. मग दिवसा कॉलेजचा अभ्यास आणि त्याच्या जोडीला गावच्या माध्यमिक शाळेचे वर्ग, असे दुहेरी शिक्षण सुरू झाले. वसतिगृहात काळ्या विद्यार्थ्याला जागा नव्हती. शेवटी गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका निवासात त्याला काम मिळाले. तेथे तो जेवण वाढी, भट्टी पेटवी आणि रात्री माळ्यावर झोपे. १९२० साली निकाल लागला. त्या तुकडीत पर्सी ज्यूलियन सर्वांत पहिला आला होता.

त्याच्या आईवडिलांनी या निकालाच्याही आधी एक मोठा निर्णय घेतला होता. धाकट्या मुलांनाही शिकता यावे, म्हणून ते बिऱ्हाड घेऊन ग्रीनकॅसलला राहायला आले. सहाही भावंडे उच्च शिक्षण घेऊन बाहेर पडली. माझ्या मते या चरित्रातला पहिला पराक्रम त्या टपाल कारकुनाचा आणि त्या शिक्षिकेचा आहे.

पहिला आला तरी दारे उघडली असे नाही. ज्यूलियन यांनी काही काळ काळ्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजात शिकवले. १९२३ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळवली. पुढे पीएच. डी. करायची तर शिकवण्याचे काम हवे होते. पण काळ्या माणसाकडून शिकायला गोरे विद्यार्थी तयार होणार नाहीत, या भीतीने विद्यापीठाने ते काम त्यांना दिले नाही. अखेर १९२९ साली एक शिष्यवृत्ती मिळवून ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे गेले आणि १९३१ साली तेथील विद्यापीठाचे पीएच. डी. झाले. व्हिएन्नात ते सर्वांच्या बरोबर एका टेबलाशी बसत, संगीताच्या मैफलींना जात. आपल्या देशात जे जमले नव्हते, ते परक्या देशात जमले. येताना ते जर्मन भाषा उत्तम शिकून आले. या भाषेचा त्यांना पुढे मोठा उपयोग झाला.

मायदेशी परतल्यावर ज्यूलियन डीपॉ विद्यापीठात संशोधन करू लागले. व्हिएन्नाचे त्यांचे मित्र योसेफ पिकल सोबतीला होते. पश्चिम आफ्रिकेत कॅलाबार नावाची एक विषारी शेंग होते. तिच्या बियांत फायसोस्टिग्मिन नावाचा पदार्थ असतो. काचबिंदू या डोळ्यांच्या विकारावर तो गुणकारी होता. हा पदार्थ प्रयोगशाळेत मुळापासून तयार करण्याचे काम ज्यूलियन यांनी हाती घेतले. इंग्लंडमधील ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन हे जगप्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञही त्याच मागे होते. रॉबिन्सन यांचे निबंध प्रसिद्ध झाले. ते वाचून ज्यूलियन यांना वाटले, की यात चूक आहे. एवढ्या मोठ्या माणसाची चूक काढायची, आणि आपले चुकले तर? तर पुन्हा कोणी उभे करणार नव्हते. तरी त्यांनी आपल्या निबंधात ती चूक स्पष्ट लिहिली. मग आपले स्फटिक आणि बियांमधून काढलेले स्फटिक तापवून पाहिले. दोन्ही एकाच तापमानाला वितळले. १९३५ साली ज्यूलियन यांचे म्हणणे खरे ठरले.

याच कॅलाबारच्या बियांच्या तेलात त्यांना एके दिवशी निराळे पांढरे स्फटिक दिसले. तो होता स्टिग्मास्टेरॉल. हाच पदार्थ सोयाबीनच्या तेलातही असतो आणि त्याच्यापासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवता येते, असे जर्मनीतील शास्त्रज्ञांनी दाखवले होते. ज्यूलियन यांच्या मनात सोयाबीन घर करून बसले ते तेव्हापासून.

इतके यश मिळूनही डीपॉ विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक केले नाही. कारण तेच, रंगाचे. एका मोठ्या रसायन कंपनीने नोकरी नाकारली. विस्कॉन्सिन राज्यातील एक संस्था त्यांना घ्यायला तयार होती. पण काळ्या माणसाने रात्री मुक्काम करायचा नाही, असा त्या गावाचा नियम होता. दिवसा काम करून रात्री जायचे कोठे? शेवटी १९३६ साली ग्लिडन कंपनीने त्यांना शिकागोतील सोयाबीन विभागाचे संशोधन प्रमुख नेमले. ज्यूलियन यांनी प्रयोगासाठी याच कंपनीकडे सोयाबीनचे तेल मागितले होते. तेल मागायला गेलेल्या माणसाला नोकरीच मिळाली.

तेथे त्यांनी सोयाबीनच्या प्रथिनापासून कागदाला लावण्याचा लेप केला. त्याच प्रथिनापासून आग विझवणारा फेस तयार झाला. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवरची तेलाची आग या फेसाने विझवत असत. पण ज्यूलियन यांचे लक्ष त्या पांढऱ्या स्फटिकांकडे होते. ते तेलातून मोठ्या प्रमाणावर वेगळे कसे काढायचे, हे काही सुचत नव्हते.

आणि एक अपघात घडला. शुद्ध तेलाने भरलेल्या प्रचंड टाकीत पाणी झिरपले आणि तेल नासले. कामगार घाबरले, व्यवस्थापक चिडले. टाकीच्या तळाशी पांढरा गाळ साचला होता. ज्यूलियन यांनी तो गाळ पाहिला आणि त्यांना ओळख पटली. पाण्यामुळे ते पदार्थ तेलातून सुटून खाली बसले होते. जे काम महिनोन्महिने जमत नव्हते, ते गळक्या टाकीने करून दाखवले होते. पुष्कळजण या गोष्टीला नशीब म्हणतात. पण तो गाळ आणखी कितीतरी लोकांनी पाहिला होता. त्यांना त्यात फक्त नुकसान दिसले. या युक्तीने ज्यूलियन यांनी स्टिग्मास्टेरॉल भरपूर मिळवले आणि १९४० च्या सुमारास त्यापासून प्रोजेस्टेरॉन विक्रीसाठी तयार केले. गर्भ टिकून राहावा म्हणून डॉक्टर ते गरोदर स्त्रियांना देत.

आता थोडे थांबून हे संप्रेरक म्हणजे काय, ते पाहू. आपल्या शरीरातील काही ग्रंथी रक्तात अगदी थोडे रसायन सोडतात. ते रसायन रक्ताबरोबर फिरते आणि दूरच्या पेशींना निरोप पोचवते. त्यालाच संप्रेरक म्हणतात. प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल ही स्टेरॉइड जातीची संप्रेरके. त्यांच्या रेणूत चार कडी एकमेकांना जोडलेली असतात. स्टिग्मास्टेरॉलच्या रेणूतही तशीच चार कडी आहेत. झाडाने हा सांगाडा फुकट बांधून ठेवला होता; ज्यूलियन यांनी त्याच्या कडेचे अणू बदलले.

हा निरोप पेशी वाचते कशी? समजा, पेशी म्हणजे एक घर आहे. घराच्या मधोमध केंद्रक नावाची खोली आहे आणि त्या खोलीत डीएनएचे भलेमोठे पुस्तक आहे. कोणते प्रथिन कसे बनवायचे, ते त्या पुस्तकात लिहिलेले असते. पेशीच्या भोवती तेलकट पदार्थाचे पटल असते. स्टेरॉइड तेलात विरघळणारे, म्हणून ते या पटलातून सहज आत शिरते. आत ग्राही नावाचे प्रथिन त्याची वाट पाहत असते. ग्राही म्हणजे कुलूप आणि संप्रेरक म्हणजे किल्ली. कुलूप हा शब्द तुम्हाला परका वाटणार नाही. अरबीतला कुफ्ल फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि त्याचे कुलूप झाले.

कॉर्टिसॉलच्या ग्राहीची गोष्ट घ्या. किल्ली नसते तेव्हा काही मदतनीस प्रथिने त्याला धरून बाहेरच्या खोलीत बसवून ठेवतात. तो तयार असतो, पण गप्प असतो. कॉर्टिसॉल त्याच्या खाचेत बसले, की ग्राहीचा आकार बदलतो. मदतनीस प्रथिनांची पकड सुटते. मग ग्राही केंद्रकाच्या छिद्रातून आत जातो, बहुधा आपल्यासारख्या दुसऱ्या ग्राहीशी जोडी जमवतो आणि डीएनएच्या पुस्तकातील ठरावीक ओळीवर जाऊन बसतो. त्याबरोबर काही जनुके जागी होतात, काही शांत होतात. सूज आणणारी प्रथिने कमी बनू लागतात. नवी प्रथिने बनायला, जुनी संपायला वेळ लागतो. म्हणून या औषधाचा पुरा गुण यायला काही तास तरी जातात. सर्वच ग्राही बाहेर बसत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. इस्ट्रोजेनचा ग्राही बहुतेक वेळा आधीपासूनच केंद्रकात असतो.

आता पुन्हा ज्यूलियन यांच्याकडे वळू. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयात संधिवाताने आखडून गेलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन टोचण्यात आले. तिला अंथरुणात कूस बदलणेही कठीण झाले होते. आठवडाभरात ती चालत बाजारात गेली. जगभर बातमी पसरली. या शोधाशी संबंधित केंडल, राइखस्टाइन आणि हेंच या तीन शास्त्रज्ञांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण कॉर्टिसोन बैलांच्या पित्तापासून तीसहून अधिक पायऱ्यांनी बनवावे लागे. ते सोन्याहून किती तरी महाग होते. आखडलेले हात घेऊन लाखो माणसे वाट पाहत होती आणि औषध मूठभरांनाच मिळत होते.

१९४९ साली ज्यूलियन यांनी सोयाबीनपासून पदार्थ एस नावाचे स्टेरॉइड तयार केल्याचे जाहीर केले. कॉर्टिसॉल आणि पदार्थ एस यांत फरक किती? फक्त एका ऑक्सिजन अणूचा. पण तो एक अणू नसला, की औषधाचा गुण येत नाही. असे का, ते पुढे पेशींवरच्या प्रयोगांतून कळले. पदार्थ एस ग्राहीच्या खाचेत जातो, पण त्याला जागे करीत नाही. किल्लीचा एक दात कमी असला, तर ती कुलपात शिरते पण फिरत नाही, तसेच हे. गंमत म्हणजे कॉर्टिसोनही तयार किल्ली नव्हे. आपले यकृत त्यात थोडा बदल करून त्याचे कॉर्टिसॉल करते, तेव्हा कुठे ती किल्ली चालते.

मग तो उणा अणू बसवला कोणी? बुरशीने! १९५२ साली अमेरिकेच्या अपजॉन कंपनीतील शास्त्रज्ञांनी पावावर येणाऱ्या काळ्या बुरशीच्या जातीकडून स्टेरॉइडच्या रेणूत नेमक्या त्या जागी ऑक्सिजन बसवून घेतला. मेक्सिकोतील रानकंदापासूनही स्टेरॉइडे तयार होऊ लागली. या सर्वांमुळे औषधाची किंमत झपाट्याने उतरली. ज्यूलियन यांनी कॉर्टिसोनचा शोध लावला, असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. शोध दुसऱ्यांचा होता. ते औषध गरिबाच्या हाती जावे, म्हणून ज्यांनी वाट बांधली त्यांत ज्यूलियन होते. आणि हे काम लहान नाही.

कुलपाचा शोधही शिकागोतच लागला, हा एक योगायोग. शिकागो विद्यापीठातील एल्वुड जेन्सन यांनी इस्ट्रोजेन या संप्रेरकाला किरणोत्सारी हायड्रोजनची खूण केली आणि ते उंदरांच्या शरीरात कोठे जाते, ते तपासले. संप्रेरक पेशीत गेल्यावर रासायनिक क्रियेत खर्च होत असेल, असा तेव्हा समज होता. जेन्सन यांना दिसले, की ते मुळीच बदलत नाही. ठरावीक पेशींतील एक प्रथिन त्याला धरून ठेवते. १९५८ साली त्यांनी हे मांडले तेव्हा फार थोड्यांनी विश्वास ठेवला. ज्यूलियन आपल्या किल्ल्या बनवत होते तेव्हा कुलूप कसे असते, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

१९५० साली शिकागोच्या एका वर्तमानपत्राने ज्यूलियन यांना त्या वर्षीचे श्रेष्ठ नागरिक म्हणून गौरवले. त्याच वर्षी त्यांनी शिकागोजवळच्या ओक पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. ते राहायला जाण्यापूर्वीच कोणीतरी घराला आग लावण्याचा प्रयत्न केला. जून १९५१ मध्ये घरावर सुरुंगाची दारू फेकण्यात आली. तिचा स्फोट मुलांच्या झोपण्याच्या खोलीबाहेर झाला. मुले थोडक्यात बचावली. ज्यूलियन यांच्या पत्नी ॲना समाजशास्त्राच्या पीएच. डी. होत्या. पतिपत्नींनी घर सोडायचे नाही असे ठरवले. ज्यूलियन मुलाला घेऊन रात्री बागेत पहारा देत. वस्तीतले शेकडो गोरे शेजारीही त्यांच्या बाजूने उभे राहिले. ज्यूलियन कुटुंब तेथेच राहिले.

१९५३ मध्ये ज्यूलियन यांनी ग्लिडन कंपनी सोडली आणि स्वतःची प्रयोगशाळा काढली. इतरत्र ज्यांना नोकरी मिळत नव्हती, अशा अनेक कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञांना त्यांनी तेथे काम दिले. सोयाबीनपेक्षा मेक्सिकोच्या कंदातून माल अधिक निघतो, हे दिसल्यावर तेही कंदाकडे वळले. १९६१ साली त्यांनी आपला कारखाना तेवीस लाख डॉलरना विकला. १९७३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे ते सभासद झाले. १९ एप्रिल १९७५ रोजी त्यांचे निधन झाले.

कॉर्टिसॉलच्या ग्राहीचे जनुक शास्त्रज्ञांच्या हाती आले ते १९८५ साली, कॅलिफोर्नियातील सॉक संस्थेत. ज्यूलियन तेव्हा नव्हते. २०२० साली कोरोनाची साथ आली. ऑक्सिजन लावलेल्या रुग्णांसाठी डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध उपयोगी पडते, असे इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत आढळले. तेही स्टेरॉइडच, आणि तेही कॉर्टिसॉलचेच कुलूप उघडते. मात्र हे कुलूप शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. म्हणून फार दिवस घेतले, तर याच औषधाने हाडे ठिसूळ होतात आणि रक्तातली साखर वाढते. डॉक्टरांना न विचारता दुकानातून ते आणू नये आणि चालू असलेले एकदम बंदही करू नये.

१९९३ साली अमेरिकेच्या टपालखात्याने ज्यूलियन यांच्या चित्राचे तिकीट काढले. त्यांचे वडील त्याच टपालाची कामे करीत आले होते. आणि ज्या ओक पार्कमध्ये त्यांच्या घरावर दारू फेकली गेली, तेथील एक शाळा आज पर्सी ज्यूलियन यांच्या नावाने भरते.